काड्यांना उदई लागली नव्हती

महादूभाऊ, तुमच्या काड्यांना उदई लागली नव्हती. वाळवीने खाल्ल्या नव्हत्या, त्या मी जाळल्या.

एवढे एक वाक्य मी पाच वर्षे तोंडात धरून हिंडलो. तुम्ही समोर असताना ते निघाले नाही. आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि ते कागदावर किती सहज उतरले. त्या सहजपणाचाच मला राग येतो आहे.

उन्हाळ्याचे दिवस होते. तुमच्या गावच्या तलावाची मासोळी निघणार होती म्हणून तुम्ही चार दिवसांसाठी वैनगंगेच्या घाटावर घरी गेला होता. इकडे सावली गावातल्या आपल्या कारखान्यापुढे बांबूच्या तीन गाड्या इंजिने उघडी टाकून उभ्या होत्या. पाऊस लागायच्या आत जंगलातला माल निघाला पाहिजे म्हणून ड्रायव्हर सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्याशी येऊन बसत. मोटारी दुरुस्त करायचा कारखाना म्हणजे काय, तर कुडाच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, एक टेबल आणि मागे सोड्याचे पाणी उकळायचे पिंप. तेलकट सामान त्या पिंपात टाकून काढायचे. त्या दिवशी पिंपाखालचा विस्तव मंद झाला. मी आढ्यावर हात घातला आणि तुमचा किंतानाचा गुंडाळा खाली काढला.

चाळीस-बेचाळीस काड्या होत्या. काही वीतभर, काही हातभर. एकीचे टोक अंगठ्यासारखे, एकीचे मरळ मासोळीच्या डोक्यासारखे, एक तर इतकी बारीक की तिने कान कोरावा. इंजिनाच्या हेडात, त्या वरच्या लोखंडी झाकणात, घासायचे जितके खळगे आणि जितक्या वाटा, तितकी त्यांची टोके. तुमच्या वडिलांचा डोंगा, ती लाकडी होडी, फुटला तेव्हा त्याच्या बुडाचे लाकूड तुम्ही चुलीत जाऊ दिले नव्हते. "ज्या लाकडानं पोट भरलं त्याले आग नाई दाखवत आमच्या घरी, नदीले देतो," असे तुम्ही म्हणाला होता. मग नदीला न देता तुम्ही त्याच्या काड्या केल्या. तीस वर्षे पाण्यात राहिलेले लाकूड, ते आता वाकायचे नाही की फाटायचे नाही. वर मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल पाजून पाजून ते काळे झालेले. हे सगळे तुम्ही मला सांगितले होते. मला माहीत नव्हते असे म्हणायची सोयसुद्धा तुम्ही ठेवली नाही.

आणि तेल प्यालेले लाकूड फार चांगले जळते, भाऊ. पिंप पाच मिनिटांत उकळले.

राग तुमच्यावर नव्हता, तुमच्या सावकाशपणावर होता. निदान मी स्वतःला असेच सांगत आलो. नागपूरहून मी ते मशीन आणले होते. ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचे, लांब वळणारी नळी, नळीच्या टोकाला दगडाचे गोळे. ज्या हेडाला तुम्ही दोन दिवस घेत, ते अर्ध्या दिवसात चकाकायचे. तुम्ही ते एकदा हातात धरले, दोन-तीन मिनिटे चालवले, आणि खाली ठेवले.

"कसं वाटलं?" मी विचारले.

"दातवैद्यासारखं."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"त्याच्या हाती चांगलं. दाताच्या मालकाले विचारजो."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागले. माझे मशीन टेबलाखाली पडून राहिले, आणि तुम्ही पुन्हा किंतान उलगडून, काडीच्या टोकाला कुरुंदाची भुकटी लावून, मांडीवर हेड घेऊन बसलात. लेकराला न्हाऊ घालावे तसे. रहीमभाई, ज्याची गाडी सगळ्यांत पुढे उभी होती, तो दारात येऊन मला म्हणाला, "गंगाधरभाई, तुमचा मिस्त्री हेड घासतो का पूजा करतो?" मालक मी, मशीन माझे, आणि कारखाना तुमच्या काड्यांवर चालायचा. तेच मला सोसवत नव्हते. काड्या असल्या तर तुम्ही मशीनला हात लावणार नाही, हे मला कळत होते. म्हणून काड्या राहू द्यायच्या नाहीत. इतके सरळ होते ते, आणि इतके हलकट.

तुम्ही परत आलात ते पळसाच्या पानांत बांधलेली मासोळी घेऊन. "गंगाधर, हे घरी पाठव, मीठ लावून ठेवली," म्हणालात. मग आढ्यावर हात फिरवला. मग आढ्याच्या दुसऱ्या टोकाला. मी हातातल्या कामावरून मान वर न करता म्हणालो, "काड्यांले उदई लागली होती, भाऊ. आतून सगळ्या खाऊन टाकल्या. म्हणून जाळल्या."

 तुम्ही मागे पिंपाशी गेलात. राखेत काय पाहिलेत कोणास ठाऊक. परत येऊन हात पुसत म्हणालात, "टोळीच्या तेलाले उदई लागत नाई, मालक."

मालक. तोवर मी गंगाधर होतो. "अबे गंगाधर", "गंगाधर, तुह्या डोळ्यात तेल गेलं का?" हातात पाना कसा धरायचा ते तुम्ही शिकवले तेव्हा मला मिसरूड फुटली नव्हती. पुढे सासऱ्यांनी रस्त्याकडेची जागा दिली, मी छप्पर घातले, तुम्हाला बोलावून आणले, तरी गंगाधरच होतो. त्या दिवशी मी मालक झालो आणि तुम्ही मला 'तुम्ही' म्हणू लागलात. तुमच्याशी नाते असणाऱ्याला याहून मोठी शिवी तुम्ही दिल्याचे मला आठवत नाही.

पण भांडला का नाहीत? हे मला आजही कळत नाही आणि आज तर फारच चीड येते. एक पाना उचलून माझ्या अंगावर फेकला असता. "खोटारड्या" म्हणाला असता. मी उलट बोललो असतो, शब्दाला शब्द वाढला असता, आणि त्या वादात कुठेतरी खरे बाहेर पडले असते. तुम्ही एक वाक्य बोललात आणि दार लावून घेतलेत. दाराबाहेर मी पाच वर्षे उभा. दोष माझा आहे, मान्य. पण कडी तुम्ही आतून लावली होती, महादूभाऊ.

काड्या नव्हत्या म्हणून तुम्ही मशीन धराल असे मला वाटले होते. तुम्ही धरले नाही. कानशी, खरवडणी आणि बोटे यांवर काम करू लागलात आणि अजूनच सावकाश झालात. मग रहीमभाईच्या गाडीचे हेड मी स्वतः घेतले.

तुमच्या-माझ्यातला एक वाद तेव्हाही अर्धा राहिला होता. तुम्ही म्हणत, जळका धूर बाहेर जाण्याच्या वाटेला आरसा करा, पण हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटेला आरसा करू नका, थोडी खरखर ठेवा. का, असे विचारले तर म्हणत, "गुळगुळीत पायरीवर माणूस घसरते, पेट्रोल नाई का घसरन?" मला ते अडाण्याचे बोलणे वाटायचे. घासायचे तर पूर्ण घासावे. रहीमभाईच्या हेडात मी दोन्ही वाटांना आरसा केला. थंडीच्या सकाळी अशा गाड्या खोकत उठतात हे मी नंतर दोनदा पाहिले. म्हणजे तुमचे बरोबर होते का? नक्की मला अजून माहीत नाही. आता विचारायचे कुणाला?

पण ती चूक किरकोळ. मोठी चूक पेट्रोल जळते त्या आगीच्या खळग्यात झाली. "आत कोण पाहून राह्यला, भाऊ?" असे मी पूर्वी विचारत असे, आणि तुम्ही म्हणत, "आग पाहून राह्यली ना." त्या खळग्यात मशीनचा दगड एकदा अडकला, उडाला आणि खोल चावला. मी तो चावा घासून घासून सपाट केला. वरून असा चमकला की त्यात माझे तोंड दिसले. पलीकडे इंजिन गार ठेवणारे पाणी फिरते, मधली भिंत किती पातळ उरली, हे मी तपासले नाही. तुम्ही शिकवले होते, लुगड्याची पातळ चिंधी बोटाखाली धरायची आणि फिरवायची. उघड्या बोटाला जे कळत नाही ते चिंधीतून कळते. चिंधी टेबलावरच पडली होती. मी हात लावला नाही. कळू नये असेच मला वाटत असावे.

गाडी रिकामी गडचिरोलीकडे गेली ती धड गेली. भरून येताना वैनगंगेच्या वाळूत, बांबूच्या ताट्या अंथरलेल्या वाटेवर, मधोमध बसली. हेडाला तडा गेला आणि पाणी आत उतरले. मागे दहा-बारा गाड्या अडल्या. सगळा बांबू वाळूवर उतरवून, हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, जोड्या लावून गाडी ओढावी लागली. दुसऱ्या दिवशी रहीमभाईने ते हेड बैलगाडीतून आणून माझ्या टेबलावर आदळले.

"ये किसने किया?"

तुम्ही कोपऱ्यात घासलेटने हात धूत होता. मी तुमच्याकडे पाहिले नाही.

"महादूभाऊनं," मी म्हणालो.

तुम्ही हात पुसत आलात. कुणी काही सांगायच्या आत टेबलावरची चिंधी उचललीत, बोटाखाली धरलीत आणि खळग्यात फिरवलीत. बोट पुढे गेले, थांबले, मागे आले, पुन्हा त्याच जागी थांबले. त्या बोटाला सगळे कळले. दगड कुठे उडाला, कुणी लपवले, सगळे. मला वाटले, आता तुम्ही बोलणार. खरे सांगतो, त्या क्षणी तुम्ही बोलावे असे मला वाटलेही होते.

तुम्ही रहीमभाईकडे पाहून, अगदी शांतपणे म्हणालात, "उदई लागली असन, बाप्पा."

रहीमभाई बघतच राहिला. "लोहे को? लोखंडाला उदई?"

"लागते कधी कधी. मालकाले विचारा. त्याईनं पाह्यली आहे."

तो टोला माझ्यासाठी होता. तो फक्त मला कळायचा होता आणि मला कळला. रहीमभाई मात्र मोठ्याने हसला. आणि, महादूभाऊ, मी पण हसलो. माणूस भ्रमला आहे, सोडून द्या, अशा अर्थाने मी रहीमभाईला डोळ्याने खुणावले. खोटे बोललो ते भीतीने. पण ती खूण मी भीतीने केली नव्हती. तुम्ही मला खोटे बोलताना पकडले होते आणि मी तुम्हाला वेडा ठरवून सुटलो.

पुढचे तुम्हाला माहीत आहे, ते तुम्ही भोगले. नदीच्या घाटावर गाड्यांची रांग लागते, एकमेकांच्या तंबाखूवर दिवस काढावा लागतो, तिथे अशी गोष्ट मिळाली की ती मूल गावापर्यंत आणि चांद्यापर्यंत जाते. सावलीचा महादू मिस्त्री म्हणतो, लोखंडाला उदई लागली. म्हातारा फिरला. हात गेला, डोकेही गेले. ड्रायव्हर गाडी उघडायच्या आधी मला बाजूला घेऊन सांगू लागले, "हेड बुढ्याच्या हाती देऊ नका." आणि मी देत नसे. ज्या माणसाचे बोट चिंधीतून केसाएवढा उंचवटा ओळखायचे, त्याला मी सोड्याच्या पिंपावर बसवले. ज्या पिंपाखाली तुमच्या काड्या गेल्या, त्याच. तुम्ही पावसाळाभर तिथे बसलात. दिवाळीनंतर एक दिवस म्हणालात, "येतो मालक," आणि घाटावर जाऊन जाळे विणू लागलात.

मी दोनदा आलो होतो तुमच्याकडे. पहिल्यांदा तुम्ही मला नदीवर घेऊन गेलात आणि पाणी किती उतरले ते दाखवलेत. दुसऱ्यांदा वहिनींनी भात आणि झिंग्यांची भाजी वाढली, राज्य बदलले, नागपूरची राजधानी गेली, आता कचेरीचे कागद कुठून यायचे यावर आपण तासभर बोललो. दोन्ही वेळा ते वाक्य घशात होते. दोन्ही वेळा निघताना तुम्ही "सांभाळून जा, मालक" म्हणालात, आणि वाक्य परत खाली गेले. मी तिसऱ्यांदा येणार होतो. लोक हे नेहमी म्हणतात. मीही म्हणतो आहे, आणि मला माझाच वीट येतो आहे.

तुमच्या दहाव्याला मी आलो. वहिनी कुडाशी बसल्या होत्या. बाकीची माणसे नदीकडे निघाली होती. वहिनींच्या मांडीवर तुमचे अर्धे विणलेले जाळे होते आणि जाळ्याच्या घरांत एक काळी काडी अडकलेली होती. टोक मासोळीच्या डोक्यासारखे. मी पाहताच ओळखली. मासोळी काढायला घरी आलात तेव्हा ती तुमच्या पिशवीत राहिली असेल, म्हणून वाचली. तुम्ही तिच्यावर जाळ्याची घरे मापून विणत होता.

मी तिथेच खाली बसलो आणि वहिनींना सगळे सांगितले. काड्या, पिंप, मशीन, हेड, खूण. मधे एकदाही थांबलो नाही. त्यांनी ऐकून घेतले.

"मालूम होतं त्याईले," त्या म्हणाल्या. "राख पाहून आले होते ना. मलेबी मालूम होतं."

"मग मले काऊन नाई बोलले ते?"

"तुमी काऊन नाई बोलले?"

 मग मी एक लाचार प्रश्न विचारला. म्हणालो, "वहिनी, घरी तरी ते मले गंगाधर म्हणत होते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. खोटे बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते, आणि ते त्यांना कळत होते. "नाई," त्या म्हणाल्या. "घरीबी मालकच म्हणत."

काडी मला द्या, असे मी म्हणणार होतो. त्यांनी त्याआधीच ती जाळ्यातून सोडवून पदरात घेतली. "मांगू नका, भाऊ. हे नदीचं आहे." आणि त्या उठून घाटाकडे चालू लागल्या. वहिनींनी ती पाण्यात सोडली. इतकी वर्षे तेल प्यालेली, तरी डोंग्याचीच ती. सरळ तरंगत गेली. मी काठावर उभा राहून हात जोडले, तेवढ्याने काही होत नाही हे मला तेव्हाच कळत होते. वहिनींना तर आधीच माहीत होते. ज्यांना माहीत नव्हते ते वरच्या अंगाला वाळूत उभे होते. गाड्यांची रांग लागली होती.

मी वर गेलो. रांगेत तिसरी गाडी रहीमभाईची होती. मी खिडकीला धरून म्हणालो, "रहीमभाई, तुमच्या गाडीचं ते हेड मी बिघडवलं होतं. महादूभाऊनं हात लावला नव्हता. उदई म्हणाले ते मले टोमणा होता. ते भ्रमले नव्हते."

 तो खाली उतरला. मला वाटले मारतो. तो म्हणाला, "मुझे क्या बोलता है? मैंने ये बात पूरे घाट को सुनाई. पाच साल मैं हँसा उस पर." मग रांगेकडे बोट दाखवून म्हणाला, "जा. एकेकाला सांग. मी नाही सांगणार, तूच सांग."

मी गेलो. सतरा गाड्या होत्या. दर खिडकीशी थांबून तेच सांगितले. कुणी मान हलवली, कुणी शिवी दिली, एकाने विचारले की मग आता कारखाना चालणार का तुमचा. चालला नाही तर नाही चालला. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मी म्हणतच होतो, त्या बोटाले काय होते बे?" तो म्हणतच होता, महादूभाऊ. निदान एक माणूस म्हणत होता.

शेवटच्या गाडीत एक नवखा बसला होता. इकडे पहिल्यांदाच आलेला. मी बोलू लागलो तसा तो म्हणाला, "कोण महादू?"

त्याला सोडून देता आले असते. तुम्हाला हसणाऱ्यांत तो नव्हता. पण मी त्याच्या खिडकीलाही धरले आणि म्हणालो, "सावलीचे महादू मिस्त्री. माझे गुरू. त्यांच्या हातून एकही हेड कधी बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या हातून, आणि नाव मी त्यांचं सांगितलं. त्यांची हत्यारं मी जाळली आणि उदई लागली म्हणालो. माझं चुकलं. मी त्यांची माफी मागतो आहे."